पाहुण्यांचा पेला

हिंगणघाट, मंगळ. १६ जुलै १९५७

मजकूर दुपारच्या गाडीने नागपूरला रवाना. सरकीच्या भावावरचा लेख कंटाळवाणा झाला, पण वेळेत झाला. इतक्या वर्षांत मंगळवार चुकलेला नाही, एवढीच कमाई.

संपादकांचा निरोप: मुलांच्या पानासाठी 'खरे बोलणे' या विषयावर तीन लेख. उपदेश नको, तो सगळेच करतात. शाळेत जाऊन मुलांनाच विचारा. त्यांना खोटे कशाला वाटते, कशाला वाटत नाही. कल्पना बरी आहे. होकार कळवला.

संध्याकाळी कुमी आणि तिची मैत्रीण रत्ना अंगणात बिल्लस खेळत होत्या. रत्ना पाणी प्यायला ओट्यावर आली. वत्सलाने काचेच्या पेल्यात दिले.

"पाहुण्याईचा पेला ना, काकू?"

"हो गं बाई, पाहुण्यांचा."

पोरगी दोन्ही हातांनी धरून पाणी प्याली, पेला विसळून तिने ओट्यावरच्या कोनाड्यात उपडा ठेवला. व.च्या कपाळाला आठी नाही, पोरीच्या चेहऱ्यावर समाधान.

तोडगा माझा. गेल्या दसऱ्याला रत्नाच्या घरच्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. तोवर व. तिच्या ओंजळीत वरून पाणी घालायची. दीक्षेनंतर पोरगी आली, तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. म्हणाली, "आई म्हनते, ओंजळीनं पेवाचं नाई आता." व. तांब्या धरून तशीच उभी. घरातले भांडे द्यायला तिचे मन होईना, पोरीला तहानलेली परत पाठवायलाही होईना. मग मी कपाटातून हा पेला काढून आणला. सांगितले, हा आमचा खास पाहुण्यांचा, यापुढे तुला यातच. व.ची अडचण गेली, पोरीचा मान राहिला. कुणाला दुखले नाही.


शुक्र. १९ जुलै

शाळेत सांगायची गोष्ट तयार केली. घरात दोनच भाकरी. अवेळी पाहुणा येतो. आई म्हणते, आमची जेवणे झाली, तुम्ही बसा. लहान मुलगी म्हणते, आई, आपण कुठे जेवलो? प्रश्न: दोघींत बरोबर कोण?

आधी घरात करून पाहिली. व. म्हणाली, यात विचारायचं काय. आईच बरोबर. मुलीला वळण नाही.

कुमीला विचारले. ती नऊ वर्षांची, चौथीत. तिने उत्तर द्यायच्या आधी माझ्या तोंडाकडे पाहिले.

"आई."

"पण आई खोटं बोलली."

"ते खोटं नाही काही. ते पाहुण्यांसाठी असतं."

वेगळ्या प्रकारात मोडते, असे तिचे म्हणणे. हे वाक्य लेखात चांगले बसेल म्हणून टिपून ठेवले. आपल्या घरची पोर किती विचार करते, असेही मनात आले.


बुध. २४ जुलै

नदीकडच्या शाळेत गेलो. कुमीचाच वर्ग. भोयर गुरुजींनी मुलांकडून सतरंजी झाडून घेतली होती, मला खुर्ची. माझी ओळख करून देताना म्हणाले, हे पेपरात लिहितात, म्हणजे यांच्यापाशी खोटं चालत नाही. वर्ग हसला. मीही.

गोष्ट सांगितली. मागून एक पोरगी म्हणाली, "पाहुना येऊन ऱ्हायला होता त दोनच भाकरी काऊन केल्या तिनं?" पुन्हा हशा. मग हात वर झाले. जवळजवळ सगळा वर्ग आईच्या बाजूने. कारणे ऐकण्यासारखी: घरची इज्जत जाते. पाहुण्याले घास गिळन काय मंग? त्या पोरीले अक्कल नाई. एकजण म्हणाला, पोरीने खोटे बोलायला नको, पण खरेही बोलायला नको, चूप बसावे. मी भराभर टिपत होतो. असला मजकूर घरी बसून सुचत नाही.

मुलीच्या बाजूने एकटी रत्ना. उभी राहून म्हणाली, "पोरगी बरोबर हाये. खोटं बोलाचं नाई म्हंजे नाई. आमी रोज म्हनतो, पाच शीलांतलं चवथं."

"आणि पाहुणा उपाशी गेला तर?" मी विचारले.

"उपाशी काऊन जाईन? एक भाकर त्याले, एक यायले."

इतके सोपे उत्तर मला सुचले नव्हते. इथे थांबायला हवे होते. पण मला अजून एक उतारा हवा होता. विचारले, तुम्ही कधी पाहुणे म्हणून कुठे गेलात, तिथे तुमचे कौतुक झाले, असे सांगा पाहू.

रत्ना उभीच होती. म्हणाली, "कुमीच्या घरी मले पाहुण्याईचा पेला हाये. काचेचा. कुमीले बी त्यातून देत नाई."

मग खिडकीशी बसलेला शेषराव, त्याचे वडील बाजारात वांगी-टमाटे घेऊन बसतात, तो मोठ्याने हसला. "अवं ते तुह्यासाठी येगळा ठेवला असन. आमच्या बी घरी हाये तसा कप. पायरीवर ऱ्हायते."

मग सगळेच हसले. चौथीच्या मुलांना जे कळते ते रत्नाला कळत नव्हते, कारण तिला मी सांगितले होते. ती लाल झाली नाही, रडली नाही. माझ्याकडे वळली. पूर्ण भरवशाने.

"काका, सांगा ना याले. पाहुण्याईचाच हाये ना?"

कुमी पाटीवर मान घालून बसली होती.

मी म्हणालो, "हो. पाहुण्यांचाच आहे."

भोयर गुरुजींनी शेषरावाला कान धरून उभे केले. "मोठ्या माणसाच्या घराबद्दल खोटं बोलतोस? आणि आजच्या दिवशी?" तो तास संपेपर्यंत उभा होता. मी आणखी दोन गोष्टी विचारल्या. उत्तरे टिपली. काय टिपली, आता अक्षर लागत नाही.


गुरू. २५ जुलै

काही लिहिले नाही. पेपर वाचला, दोनदा.

जेवताना कुमी: "बाबा, शेषरावला काऊन उभं केलं?"

व. म्हणाली, घास तोंडात असताना बोलू नये.


शनि. २७ जुलै

रत्ना आली होती. तहान नसावी, पण पाणी मागितले. थोड्या वेळाने पुन्हा मागितले. ओट्यावर सगळ्यांना दिसेल अशी बसून, पाठ ताठ करून प्याली. रस्त्यावरून शाळेतली दोन मुले गेली, तर पेला थोडा वर धरला.

मी खिडकी लावून घेतली. ऊन येत होते, असे व.ला सांगितले. आभाळ भरलेले होते.

कुमी तिच्याबरोबर खेळली नाही. पोट दुखते म्हणाली.


मंगळ. ३० जुलै

पहिला लेख पाठवला. चांगला झाला आहे. दोन भाकरी, मुलांची उत्तरे, 'ते खोटं नाही, ते पाहुण्यांसाठी असतं' हे वाक्य मथळ्याखाली. रत्नाचे 'एक भाकर त्याले, एक यायले' शेवटी घेतले, नाव न घालता. शेवट त्यामुळे उठावदार झाला.

पेल्याचे आणि शेषरावाचे अर्थातच नाही. जागा नव्हती, असे स्वतःशी म्हटले. जागा किती होती ते मला ठाऊक आहे. ओळी मोजूनच लिहितो मी.


रवि. ४ ऑगस्ट

व. तापाने फणफणली आहे. दुपारी हुडहुडी, दोन गोधड्या कमी पडल्या. डॉक्टर म्हणाले, हिवताप, नदीकाठी सगळीकडे आहे, गोळ्या दिल्या. भात मीच टाकला, करपला.

कुमी आईच्या उशाशी बसून आहे. खेळायला जा म्हटले तर जात नाही. आईचा हात सोडत नाही. इतकी माया तिने कधी दाखवली नव्हती. व. अर्धवट ग्लानीत म्हणाली, "गुणाची गं माझी."


मंगळ. ६ ऑगस्ट

ताप उतरतो, पुन्हा चढतो. आज सकाळी कुमी चुलीपाशी उकिडवी बसून रडत होती, आवाज न करता. मी जवळ गेलो. म्हणाली, "बाबा, आई मरणार."

मी डॉक्टरांचे सांगितले. तिने मान हलवली. ताप नाही. शप्पथ.

मग सगळे बाहेर आले. मी वर्गात आलो त्या दिवशी मधल्या सुट्टीत शेषराव आणि आणखी काहींनी रत्नाला घेरले. बाटगी बाई, पायरीवरची पाहुनी, असे काय काय म्हणाले. रत्ना कुमीला ओढत घेऊन गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, घे गळ्याची शप्पथ, तुह्या आईची, पेला पाहुण्याईचा हाये म्हून. कुमीने गळ्याला हात लावला आणि घेतली.

"का घेतलीस?"

"तुम्ही हो म्हटलं होतं ना. वर्गात. मी नाही म्हटलं असतं तर तुम्ही खोटे झाले असते."

त्यानंतर पंधरवड्याच्या आत आई आजारी. तिच्या हिशेबात गणित चोख आहे. खोटी शपथ ज्याच्या नावाने, त्याला बाधते. हे तिला कुणी शिकवले? व.ने, मी, सगळ्या गावाने. खोटे बोलू नये असे मी तिला कधी समजावून सांगितल्याचे आठवत नाही. शपथेची भीती मात्र घरात नेहमी होती.

दुसरा लेख गेला. विषय बदलला: बाजारातली वजने. वेळेत गेला.


बुध. ७ ऑगस्ट

कुमीला म्हटले, मी सांगतो ना, शपथ सुटली. विषय संपला.

"तुम्ही म्हणून नाही चालत. जिला दिली तिनं म्हणायला लागते."

तेवढे तर मलाही लहानपणी ठाऊक होते.

शाळेतून आली ती आणखी उतरलेल्या तोंडाने. रत्नाला गाठून म्हणाली होती, 'सुटली' म्हण. रत्ना म्हणाली, "आमच्यात शप्पथ मानत नाई आता. आन् तू खरं बोलली ना? मंग सोडाची कायले?"

कुमीने यावर काय बोलायचे? खोटी होती म्हणून सोड, असे म्हटले तर बाप खोटा. न म्हटले तर आई जाते. नऊ वर्षांच्या पोरीला मी या जागी आणून उभे केले आहे.

मी तिला म्हणालो, कारण न सांगता पुन्हा एकदा मागून पाहा. गोड बोलून. वाक्यही सुचवले: खेळातली शपथ आहे, म्हणून सोड, असे म्हण. बोलून गेल्यावर माझे मलाच ऐकू आले. मी पोरीला नवे खोटे बेतून देत होतो, तेही सफाईने, धंद्यातली सवय.

कुमी म्हणाली, "नको बाबा. अजून एक नको."


गुरू. ८ ऑगस्ट

व.चा ताप आज कमी. तिला सांगितले. ती छताकडे पाहत ऐकत राहिली.

मी म्हणालो, तुझा हट्ट होता भांड्यांचा, म्हणून तर हे सगळं.

"होता. अजूनही आहे थोडा, जात नाही तो. पण मी ओंजळीत पाणी घालत होते, तेव्हा त्या पोरीला कळत तरी होतं, मी काय करते ते. म्हणून तर ती नाही म्हणू शकली. तुम्ही ते गोड केलंत. आता ती कशाला नाही म्हणेल?"

मग म्हणाली, "तुम्ही प्यालात का हो कधी त्या पेल्यातून?"

नाही. आणि कधी मनातही आले नाही. सभेत सहभोजनाला बसलो आहे, त्यावर लिहिलेही आहे. घरच्या ओट्यावरचा पेला मी स्वतःच आणून दिला आणि पुन्हा हात लावला नाही. व.चा हट्ट पुढे करून मी इतके दिवस तिच्या मागे उभा होतो.

लाज वाटते, हा शब्द मी लेखांत फार वेळा वापरला आहे. तो इथे लिहायला नको वाटतो.


रवि. ११ ऑगस्ट

रत्नाच्या घरी जाऊन आलो. जे झाले ते झाले तसे लिहितो.

मिलमागची वस्ती. रत्नाचे वडील पाळीला गेलेले. आई, चंद्रभागाबाई, दारात बसून अंबाडीची भाजी निवडत होत्या, रत्ना शेजारी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, ताजे फूल. मला पाहून बाई उठल्या, बाज पुढे केली. "बसा, भाऊ. चहा मांडतो."

मी म्हणालो, "नको, आत्ताच घेऊन निघालो."

व. आजारी पडल्यापासून सकाळचा चहा झालेला नाही. तोंडातून आपोआप गेले. कुणाच्याही घरी जाते तसे. पण बाईंचा हात पातेल्यावर होता तो तिथेच थांबला. "घेऊन आले? बरं." त्या परत भाजीपाशी बसल्या. त्यांच्या दारात या वाक्याचा अर्थ काय होतो, ते मला त्यांचा हात पाहून कळले. तेव्हाही मी दुरुस्त केले नाही. आता चहा मागणे विचित्र दिसेल, असे वाटले.

मग सांगून टाकले. रत्नाकडे पाहून. तो पेला पाहुण्यांचा नव्हता. घरातली भांडी तुला द्यायची नव्हती म्हणून वेगळा ठेवला होता. पाहुण्यांचा ही गोष्ट मी रचली. वर्गात खोटे बोललो. शेषराव खरे बोलला होता.

वाटले होते, पोरगी रडेल, किंवा काही तोडून बोलेल. दोन्हींची तयारी करून गेलो होतो. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. आईकडे पाहिले.

"तुले ठाव होतं?"

चंद्रभागाबाई देठ मोडत राहिल्या.

"आई. तुले ठाव होतं काय?"

"होतं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तू लय खुश होती, माय. रोज येऊन सांगे, मले काचेचा, मले काचेचा. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे."

"रोज शील म्हनतो आपन."

"म्हनतो."

रत्नाने मांडीवरची भाजी परातीत टाकली आणि आत गेली. आत म्हणजे कुठे, एकच खोली. भिंतीकडे तोंड करून बसली.

बाईंनी मग माझ्याकडे पाहिले. आवाज चढवला नाही. "तुम्ही आले, सांगून मोकळे झाले. तुमचं खोटं तुम्ही मोडलं, ते चांगलंच केलं. त्याच्यासंगं माहं बी मोडून टाकलं. म्या कवा सांगाचं, कसं सांगाचं, ते माहं होतं. इचारलं होतं काय मले? बाई, जरा बाजूले या, इतकं बी नाई झालं."

खरे होते. सुचलेच नव्हते. पोरीशी बोलायचे ठरवून निघालो होतो. तिला आई आहे आणि त्या आईनेही काही सांभाळून ठेवले असेल, हे मनात आले नव्हते.

आणि एवढ्यावरही मी उठलो नाही. मी म्हणालो, "कुमीनं शपथ घेतली आहे, घाबरली आहे फार. रत्ना एवढं 'सुटली' म्हणेल का?"

बाईंनी परात बाजूला सारली. "त्याच्यासाठी आले होते व्हय."

"नाही, तसं नाही."

"पोरीचं तोंड पोरीचं हाये, भाऊ. म्या नाई सांगनार तिले, हे म्हन आन् ते म्हन. लय सांगून झालं आपलं."

रत्नाने भिंतीकडचे तोंड वळवले नाही. मी निघालो. परतताना रस्ताभर एकच: मी खरे सांगायला गेलो होतो की शपथ सोडवून आणायला? दोन्ही, असे उत्तर येते. दोन्ही हे उत्तर मला पटत नाही, पण दुसरे नाही.


मंगळ. १३ ऑगस्ट

शाळेत जाऊन भोयर गुरुजींना भेटलो. शेषरावाचे सांगितले. म्हणालो, मला वर्गात पाच मिनिटे द्या, मी त्याची माफी मागतो.

गुरुजी अवघडले. "जाऊ द्या हो. पोरगं विसरलं बी असन. तुम्ही वर्गात माफी मागाल, तर उद्या माह्या हातची छडी कोन मानन? आन् त्या पोरीचं पुन्हा सगळ्याइच्या तोंडी होईन."

दुसरे कारण खरे आहे. पहिले त्यांचे आहे. मला दुसऱ्याचा आधार घेऊन परत येणे सोपे गेले.

फाटकाशी शेषराव भेटला, एकटा. त्याला म्हणालो, "तू त्या दिवशी खरं बोलला होतास. मी खोटं बोललो."

त्याने इकडेतिकडे पाहिले, कुणी ऐकत नाही ना म्हणून. "मले माहीत हाये, काका. मोठ्या मानसाले तसं बोला लागते." मलाच समजूत घातल्यासारखे. म्हणाला, "बाबानं बी मारलं मले. म्हने, दुसऱ्याच्या घरचं सांगाचं नसते." आणि पळाला.

तिसरा लेख झाला नाही. संपादकांना पोळ्याच्या लाकडी बैलांवर मजकूर पाठवला. मंगळवार चुकला नाही.


गुरू. १५ ऑगस्ट

झेंडावंदनाला गेलो. मुलांच्या रांगा. रत्ना आणि कुमी एरवी शेजारी असतात; आज रत्ना पुढे, कुमी मागे. कुमी सांगते, रत्ना आता तिच्याशी बोलत नाही, पण भांडतही नाही. वस्तीतल्या मुलींकडून तिला कळले, रत्नाच्या घरीही तेच चालू आहे: डबा आईकडून घेते, बोलत नाही. आई रोज शील म्हणायला बसते, रत्ना उठून बाहेर जाते.

त्या घरात दीक्षेनंतर जे नवे होते, ते मी एका सकाळी जाऊन...

व.ने पेला कोनाड्यातून काढून आतल्या भांड्यांत ठेवला. तिला किती जड गेले ते पाहिले. मी त्यातून पाणी प्यालो. काही सिद्ध झाले नाही. प्यायला येणारी पोरगी येत नाही.


शनि. १७ ऑगस्ट, सकाळ

व.चा ताप गेला. चार दिवस चढला नाही. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही. आज ती उठून चुलीपाशी बसली. अशक्त आहे, पण कुमीच्या वेणीवरून तिला नेहमीसारखी ओरडली. घर पुन्हा घरासारखे वाटले.

कुमी वेणी घालून माझ्याकडे आली. चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा. पण काहीतरी जुळवत होती.

"बाबा, रत्नानं 'सुटली' म्हटलं नाही."

"हं."

"तरी आई बरी झाली."

"औषधानं झाली."

"म्हणजे शपथेनं काही होत नाही."

"नाही होत. मी सांगितलंच होतं तुला."

तिने थोडा विचार केला. "मग खोटी घेतली तरी चालते."

"तसं नाही."

"मग कसं? आईला काही झालं नाही. तुम्हाला पण कुणी काही म्हटलं नाही. शेषरावला मार बसला, तो तर खरं बोलला होता. आणि रत्ना खरंच बोलते नेहमी, तर ती एकटी बसते. मग खोटं बोललं तर काय होतं, बाबा?"

मी म्हणालो, थांब, हातातले एवढे पुरे करू दे, मग सांगतो.

हातात काही नव्हते. तेव्हापासून हे लिहीत आहे. ती दाराशी उभी आहे, दप्तर खांद्याला, मान वाकडी करून बघते आहे की मजकूर किती राहिला. शनिवारची सकाळची शाळा. घंटा अजून झालेली नाही.